अमेरिकेने ‘राखीव जागा’ खरोखर रद्द केल्या काय?

वर्षावासातील एका रविवारी वंदना आणि ग्रंथवाचन आटोपल्यावर संस्थेच्या सभागृहात विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग भरला होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, वसतिगृहातल्या मुली मला म्हणतात, अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशाने रिझर्व्हेशन बंद केलं, मग तुम्हालाच ते अजून कशाला हवं? मी काय उत्तर देऊ?” सभागृहात क्षणभर शांतता पसरली. आम्ही ज्येष्ठांनी बाबासाहेबांचे नाव घेऊन चार भावनेची वाक्ये उच्चारली. पण त्या मुलीचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. प्रश्न माहितीचा होता आणि आमच्याजवळ पुरेशी माहिती नव्हती. त्यानंतर आम्ही जे वाचले, आपसांत चर्चा करून जे समजून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेचा हा प्रश्न आपल्याला परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. कृष्णवर्णीयांची हार्लेम ही वस्ती त्या विद्यापीठाला लागूनच आहे. पुढे १९४६ साली कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत बाबासाहेबांनी मागितली. अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती सारखीच आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले होते, आणि ड्यू बॉइस यांनीही सहानुभूतीचे उत्तर पाठविले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले. तेव्हा तेथे काय घडले हे जाणून घेणे हे आपले कामच आहे.

गुलामगिरी संपली, पण विषमता संपली काय?

इ. स. १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे उतरविण्यात आली. तेथून पुढे सुमारे अडीचशे वर्षे माणसांचा बाजार चालू राहिला. यादवी युद्धानंतर १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण दिले आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. कागदावर सर्व काही मिळाले. परंतु पोटाला भाकर आणि पायाखाली जमीन मात्र मिळाली नाही.

जमीन मिळण्याची वेळ एकदा आली होती. १८६५ च्या जानेवारीत जनरल शेरमन यांनी दक्षिणेतील किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. परंतु लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन पूर्वीच्या गोऱ्या मालकांना परत देवविली. कालचा गुलाम आज त्याच मालकाच्या शेतावर वाट्याने राबू लागला. गावकीच्या कामातून सुटलेल्या, पण शेत नसलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांची अवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

पुढे दक्षिणेकडील राज्यांनी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा, डबे, पाणपोया, दवाखाने वेगळे केले. १८९६ च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला मान्यता दिली. एकच न्यायाधीश, हार्लन, विरोधात उभे राहिले. आमच्या घटनेला वर्ण दिसत नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे. १९५४ साली ‘ब्राऊन’ खटल्यात थर्गुड मार्शल यांच्या युक्तिवादाने शाळांतील हे तत्त्व मोडीत निघाले. हेच मार्शल पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

हे सर्व केवळ दक्षिणेत घडले असेही नाही. १९३० नंतरच्या दशकात सरकारी संस्थांनी शहरांचे नकाशे तयार केले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग दिला. लाल रंग म्हणजे येथे कर्ज देणे धोक्याचे. सरकारी हमीच्या स्वस्त कर्जावर लक्षावधी गोऱ्या कुटुंबांनी घरे बांधली, लाल रेघेच्या आतली माणसे भाडेकरूच राहिली. घरखरेदीतील असा भेदभाव १९६८ च्या कायद्याने बेकायदेशीर ठरला. पण ज्यांच्या आजोबांचे घर झाले त्यांच्या नातवाला ते वारशात मिळाले, आणि ज्यांचे झाले नाही त्यांच्या नातवाला भाड्याची पावती. २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार तेथील मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सुमारे सहापट होती.

‘सकारात्मक कृती’ म्हणजे काय?

१९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी एक आदेश काढला. सरकारी कंत्राटे घेणाऱ्यांनी नोकरभरतीत वर्ण, धर्म, मूळ देश पाहून भेदभाव करू नयेच, शिवाय तसा भेदभाव होऊ नये म्हणून ‘सकारात्मक कृती’ करावी, असे त्यात म्हटले होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मताधिकार कायदा आणि १९६५ चा अध्यक्ष जॉन्सन यांचा आदेश यांनी हे धोरण बळकट केले. १९६७ मध्ये त्यात स्त्रियांचाही समावेश झाला.

जॉन्सन यांनी १९६५ च्या जून महिन्यात कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात केलेले भाषण प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : वर्षानुवर्षे बेड्यांत जखडलेल्या माणसाच्या बेड्या काढायच्या, त्याला शर्यतीच्या रेषेवर आणून उभे करायचे आणि आता तू मोकळा आहेस, सर्वांबरोबर धाव, असे सांगायचे, हा न्याय नव्हे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतील ‘सकारात्मक कृती’ आणि आपल्या राखीव जागा एकच नव्हेत. ती राज्यघटनेत लिहिलेली नव्हती, तर अध्यक्षांच्या आदेशांवर आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या धोरणावर उभी होती. कायदेमंडळात राखीव मतदारसंघ तेथे नाहीत. विद्यापीठात ठराविक जागा बाजूला काढून ठेवणे तर १९७८ सालीच अवैध ठरले.

१९७८ पासून २०२३ पर्यंत

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० जागांपैकी १६ जागा अल्पसंख्याक वर्गांसाठी बाजूला काढल्या होत्या. ॲलन बाकी या गोऱ्या उमेदवाराला दोनदा प्रवेश नाकारला गेला आणि तो न्यायालयात गेला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निश्चित कोटा अवैध ठरविला. मात्र प्रवेश देताना इतर अनेक गोष्टींबरोबर वर्ण ही एक गोष्ट विचारात घेण्यास मुभा दिली. तीही मागील अन्यायाची भरपाई म्हणून नव्हे, तर वर्गात विविधता असावी, त्याने सर्वांचेच शिक्षण चांगले होते, या कारणासाठी.

आम्हांस वाटते की, पुढच्या पराभवाचे बीज येथेच पेरले गेले. अन्यायाचा पाया काढून घेतला आणि विविधतेचा पाया घातला. पिढ्यान्‌पिढ्या नाकारल्या गेलेल्या माणसाचा हक्क हा मुद्दा मागे पडला आणि वर्ग रंगीबेरंगी दिसावा हा मुद्दा पुढे आला. न्यायमूर्ती मार्शल यांनी तेव्हाच वेगळे मत लिहून बजावले होते की, शेकडो वर्षे वर्णाच्या नावाने अन्याय होऊ देणारी घटना आता त्या अन्यायावरील उपायाच्या आड यावी, हे पटण्यासारखे नाही.

२००३ साली मिशिगन विद्यापीठाची दोन प्रकरणे एकाच दिवशी निकालात निघाली. पदवीच्या प्रवेशात १५० पैकी २० गुण वर्णासाठी आपोआप देण्याची पद्धत रद्द झाली. विधी महाविद्यालयाची, प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत मात्र टिकली. आणखी पंचवीस वर्षांनी याची गरज राहणार नाही अशी अपेक्षा न्यायमूर्ती ओ’कॉनर यांनी तेव्हा व्यक्त केली. ती पंचवीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, २९ जून २०२३ रोजी, हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशासाठी वर्ण विचारात घेण्याची पद्धत न्यायालयाने घटनाविरोधी ठरविली. लष्करी अकादमींचा प्रश्न तेवढा त्या निकालात बाजूला ठेवला होता. निकालाच्या बाजूच्या न्यायमूर्तींनी हार्लन यांच्या १८९६ च्या शब्दांचा आधार घेतला. काळ्या माणसाला डब्यातून उतरवू नये म्हणून उच्चारलेले शब्द, त्याच्या नातवंडांना दिलेला हात काढून घेण्यासाठी वापरले गेले. पुढे २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी जॉन्सन यांचा १९६५ चा आदेशही रद्द केला.

तेव्हा त्या मुलीला द्यावयाचे पहिले उत्तर असे : अमेरिकेने २०२३ साली राखीव जागा रद्द केल्या नाहीत, कारण तेव्हा तेथे त्या नव्हत्याच. ‘इतर अनेक गोष्टींपैकी एक’ म्हणून वर्णाचा जो विचार होत असे, तो विद्यापीठ-प्रवेशापुरता थांबविला गेला. जे तेथे बंद झाले ते आपल्याकडे कधी नव्हते, आणि जे आपल्याकडे आहे त्याचा त्या निकालाशी संबंध नाही.

गुणवत्तेचा प्रश्न

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. या बाबतीत १९७१ चा ‘ग्रिग्ज’ खटला प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा. नॉर्थ कॅरोलिनातील एका वीज कंपनीत कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात, सर्वांत कमी पगारावर घेत असत. १९६५ मध्ये नवा कायदा लागू होताच कंपनीने चांगल्या विभागांसाठी माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र आणि बुद्धिमापन चाचण्या आवश्यक केल्या. पूर्वी केवळ गोरे म्हणून लागलेले, ही पात्रता नसलेले कामगार तीच कामे व्यवस्थित करीतच होते! न्यायालयाने एकमताने सांगितले की, ज्या चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध नाही आणि जिच्यामुळे एक समाजच बाहेर राहतो, ती चाचणी दिसायला निःपक्षपाती असली तरी भेदभावच आहे. गुणवत्ता मोजू नका असे न्यायालय म्हणाले नाही. तुमची फूटपट्टी नेमके काय मोजते ते दाखवा, एवढेच म्हणाले.

हार्वर्डच्या खटल्यात दुसरी एक गोष्ट उजेडात आली. त्या माहितीच्या अभ्यासात असे दिसले की, प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतले होते. बापाने तेथे शिकलेले असणे ही गुणवत्ता, आणि आजोबाला शाळेच्या दारात उभे न केलेले असणे ही मात्र सवलत! देणगी देऊन प्रवेश घेणारा मुलगा आपल्याकडेही ‘गुणवत्ता’ या शब्दाने दुखावला जात नाही, हे आपण पाहतोच.

आणि भेदभाव संपला, हे तरी खरे आहे काय? २००४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. बोस्टन आणि शिकागोतील जाहिरातींना त्यांनी सुमारे पाच हजार अर्ज पाठविले. काहींवर गोऱ्यांत आढळणारी नावे घातली, काहींवर कृष्णवर्णीयांत आढळणारी. अर्ज सारख्याच पात्रतेचे असूनही गोऱ्या नावांना मुलाखतीसाठी सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. आडनाव विचारून मग घर भाड्याने देणारे मालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या पाहणीत आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

आक्षेपांतील सत्यांश

तथापि केवळ आपली बाजू मांडून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विरोधकांचे काही आक्षेप विचार करण्यासारखे आहेत.

एक, ज्या तरुणाने स्वतः कोणाचे वाईट केले नाही, त्याची जागा का जावी? २०२३ च्या खटल्यात आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांची हीच तक्रार होती, आणि तीत तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. पण उपाय थांबविला तर ती किंमत नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या एका निरपराध तरुणाच्या माथी जाते, एवढे आम्ही सांगू. कॅलिफोर्नियाने १९९६ साली मतदानाने ‘सकारात्मक कृती’ बंद केली, आणि १९९८ मध्ये बर्कली व लॉस एंजेलिस येथील कृष्णवर्णीयांचे प्रवेश एकदम घसरले. २०२३ च्या निकालानंतर मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रज्ञान संस्थेत नव्या वर्गातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. काही विद्यापीठांत फारसा फरक पडला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

दोन, अशा धोरणामुळे पात्र माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत, ते हेच सातत्याने मांडत आले आहेत. हा डाग खरा आहे, आपल्या मुलांनी तो सोसला आहे. पण राखीव जागा नव्हत्या तेव्हा आपल्याला सन्मान मिळत होता काय? डाग जुनाच आहे, त्याने फक्त नवे निमित्त शोधले.

तीन, लाभ त्या समाजातील सुस्थितांनाच मिळतो. हा आक्षेप आपण सर्वांत गंभीरपणे घ्यावा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मान्यता दिली, त्यावर आपल्या समाजात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण निकाल काहीही असो, झोपडपट्टीतील, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलापर्यंत आपण पोचलो काय, हा प्रश्न न्यायालयाने विचारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपली राज्यघटना काय सांगते?

आपल्याकडे पाया वेगळा आहे. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, सोळाव्या कलमाने नोकऱ्यांतील राखीव जागांना आधार दिला, आणि मद्रासच्या प्रवेशांबाबतच्या निकालानंतर १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने पंधराव्या कलमात शिक्षणासाठी तरतूद आली. १९७६ च्या केरळच्या थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशी तरतूद समतेला अपवाद नसून समतेचेच एक अंग आहे. अमेरिकेच्या न्यायालयाने जे नाकारले ते आपल्या न्यायालयाने फार पूर्वी स्वीकारले. त्याही आधी, २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. तेव्हा अमेरिकेत ‘वेगळे पण समान’ चालू होते! या विषयात कोणी कोणाकडून शिकावे, याचाही विचार व्हावा.

मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. पुढे १९६४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक प्रसंग नोंदविला आहे. प्रवेशात अस्पृश्यांना प्राधान्य देणे हा भेदभावच नव्हे काय, असे त्यांच्या सोबतच्या प्राध्यापकांनी पंतप्रधान नेहरूंना विचारले. तसे असेलही, पण शतकानुशतकांच्या अन्यायाचे प्रायश्चित्त घेण्याचा हा आमचा मार्ग आहे, अशा अर्थाचे उत्तर नेहरूंनी दिले. किंग यांना ते उत्तर आपल्या देशासाठी मोलाचे वाटले. आपण मात्र याला प्रायश्चित्तापेक्षा हक्क म्हणणे पसंत करू. प्रायश्चित्त घेणाऱ्याचे मन बदलले की ते थांबते, हक्क तसा थांबत नाही.

आपल्या स्वतःच्या इतिहासातील एक दाखला येथे आठवतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळले गेले आणि त्या परत मिळावयास १९९० साल उजाडले. जणू धर्माचा रकाना बदलला की गावाने ठेवलेले अंतरही बदलते! अमेरिकेत १८६५ साली हीच चूक झाली होती. कागदावरचा शब्द बदलला आणि माणसाची स्थितीही बदलली असे सर्वांनी धरून चालले.

विद्यार्थ्यांसाठी

एका बाबतीत मात्र अमेरिकेचे पाऊल आपल्या पुढे होते. तेथील १९६५ चा आदेश सरकारी कंत्राटे घेणाऱ्या खासगी कंपन्यांनाही लागू होता. आपल्या राखीव जागा सरकारी नोकऱ्यांपुरत्या आहेत, आणि खासगी नोकऱ्या वाढत असताना सरकारी नोकऱ्या आटत आहेत. म्हणजे कोणी काही रद्द न करताही विहिरीचे पाणी कमी होत आहे. उद्याची चर्चा येथे होणार आहे, आणि तिला लागणारी माहिती, आकडे, कायद्याचे ज्ञान आपल्या मुलांनीच मिळवावयाचे आहे.

त्या मुलीला आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावले आणि वरील सर्व हकिकत सांगितली. तिने वहीत टिपणे काढली आणि शेवटी विचारले, “सर, हे सगळं मी त्यांना सांगितलं, तरी त्यांना पटेल का?” सर्वांना पटेल असे आम्ही तिला सांगितले नाही. एवढेच म्हणालो की, पुढच्या वेळी प्रश्न आला तर तुला मान खाली घालावी लागणार नाही आणि आवाजही चढवावा लागणार नाही.

संस्थेच्या ग्रंथालयात या विषयाची पुस्तके असावीत, आणि पहिल्या पिढीतून शिकणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी राहावी, असे आम्ही कार्यकारिणीस सुचविले आहे. सभासदांनी त्यास हातभार लावावा, ही विनंती. ज्यांना राखीव जागेचा लाभ मिळून आज पक्के घर आणि पेन्शन आहे, त्यांच्यावर ही जबाबदारी अधिक आहे. त्यांत आम्हीही आलोच.

जयभीम! नमो बुद्धाय!